दोन बोटं कमी

मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाला एक मापाडी मामा असतो. मोंढ्यातल्या मापाड्याला लायसन असतं, संघटना असते, तोलाई ठरलेली असते. या मामाला यातलं काहीच नसतं. गावात कुणाचं काही मोजलं जात असलं, मग ते शेत असो, सोयाबीन असो, बोअर असो की बघायला आलेली नवरी, हा धोतराचा सोगा सावरत येतो, सगळं मोजून होऊ देतो आणि शेवटी "कमी हाय" असा निकाल देऊन निघून जातो.

आमच्या कुरुंद्यात असे मामा गल्लीला एक निघतील. इथं त्या सगळ्यांचा मिळून एकच मामा केला आहे, म्हणजे आपलंच चित्र काढलं अशी तक्रार घेऊन कुणी यायला नको. आले तरी तक्रार चित्र काढल्याची नसेल, लहान काढल्याची असेल.

कुरुंदा म्हणजे वसमत तालुक्यातलं, टोकाई गडाच्या अंगचं, हळदीचं गाव. महाराष्ट्राला ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे माहीत. कुरुंदकरांनी वाद कसा घालावा हे महाराष्ट्राला दाखवलं. मामांच्या मते ते गुण गावच्या पाण्यातच आहेत, कुरुंदकरांनी फक्त पुस्तकं लिहिली.

मामांचा जन्म निजामाच्या राज्यातला. पोलीस ॲक्शनच्या साली ते रांगत होते. घरात निजामाचा हाली रुपया, बाहेर इंग्रजांचा कलदार, सात हालीला सहा कलदार, हा हिशोब बापाच्या तोंडून ऐकत ते मोठे झाले. शाळेत गेले तर पाटीवर सोळा आण्यांचा रुपया. तो पाठ होतो न होतो तोच १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही उतरंड गुरुजींनी छडीनं अंगात मुरवली, तर १९५६ च्या कायद्याचा किलो पाठोपाठ बाजारात आला. "आमी जे जे शिकलो ते ते सरकारनं रद्द केलं," ही मामांची मूळ तक्रार. पुढच्या सगळ्या तक्रारी तिच्याच पोटच्या.

पावकी-निमकीतली अडीचकी तेवढी कामाला आली. सातबारावर एकर जाऊन हेक्टर आले तेव्हा गावात भल्याभल्यांची दांडी गुल झाली, पण मामा पारावर बसून अडीचकीनं धडाधड एकर काढून देऊ लागले. तीन हेक्टर? साडेसात एकर. खरं तर ते होतात सात एकर सोळा गुंठे आणि वर थोडं. मधले साडेतीन गुंठे तलाठ्यानं खाल्ले, असं मामांचं मत आहे आणि ते कोणत्याही गणितानं हलत नाही. उलट स्वतःच्या एका एकराचे चाळीस गुंठे कागदावर साडेचाळीस आर झालेले पाहून त्यांनी घरात पेढे आणले होते. आर हा गुंठ्यापेक्षा किंचित लहान असतो, हे नातवानं सांगितलं तेव्हा पेढे संपलेले होते.

मामांचा खरा कस लागला तो धाकट्याच्या खोलीला फरशी बसवताना. खोली आतून बरोबर दहा फूट. मामांनी स्वतः टेप धरून मोजलेली, दोनदा. दुकानात "दोन बाय दोनची टाईल" म्हणून पेट्या घेतल्या. दहा भागिले दोन, पाच. एका ओळीत पाच टाईल, ना कट ना तुकडा. मिस्त्रीनं पहिली ओळ लावली आणि पाचवी टाईल ठेवून मागं सरला. भिंत अजून पुढं होती. मामांनी वाकून त्या फटीत बोटं घातली. दोन गेली.

"ओळ तिरपी लावलीस."

मिस्त्रीनं काही न बोलता दोरी धरून दाखवली. ओळ सरळ होती.

"मग भिंत सरकली."

"मामा, भिंत कशाला सरकतीय? पेटीवर काय लिवलंय ते बघा. ६०० बाय ६००. मिलिमीटर हाय ते."

"दुकानदार दोन बाय दोन म्हनला."

"सगळेच म्हनतेत."

दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. एका टाईलमागं सेंटीमीटरभर कमी, पाच टाईलमागं पावणेदोन-दोन इंच. मामांनी पेटीवरचा आकडा चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला, टाईलवर टेप लावला, टेपची दुसरी बाजू लावली. त्या टेपच्या एका कडेला इंच आहेत, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. आजवर मामांनी ती दुसरी कड कधी वापरलीच नव्हती. मग त्यांनी मिस्त्रीला चहा पाजला आणि स्वतः एक टाईल पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदार एवढंच म्हणाला, "मामा, देशात कुठं दोन फुटाची टाईल भेटली तर मलाबी सांगा." भिंतीकडेला बारीक पट्टी कापून बसवली. घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आता पाण्याआधी ती पट्टी दाखवली जाते.

त्याच बांधकामात मिस्त्रीनं तीन सुती सळई मागितली आणि बिलावर दहा एमएम आली. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. इथं अर्धा मिलिमीटर मामांच्या पदरात पडला होता. त्या बाबतीत मामा गावात कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

पण मामांच्या कुरकुरीत तथ्य नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. माप बदललं की घेणाऱ्याच्या बाजूनं थोडं झडतं, हे त्यांचं निरीक्षण ताडून पाहा. तोळा असायचा साडेअकरा ग्रॅमच्या वर. सराफ आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो आणि लग्नात मात्र "पाच तोळे घातले" असं जुन्याच तोऱ्यात सांगितलं जातं. टीव्ही दुकानात ३२ इंची असतो, खोक्यावर ८० सेंटीमीटर असतो, आणि ८० सेंटीमीटरचे होतात साडेएकतीस इंच. युरियाचं पोतं तर सरकारनंच २०१८ च्या मार्चपासून ५० किलोचं ४५ केलं. किंमत त्या प्रमाणात उतरवली, हे खरं. पण मागचा विचार ऐकून मामा काही काळ गप्प झाले: शेतकरी खत किलोनं टाकत नाही, पोत्यानं टाकतो, सांगून ऐकत नाही, तर पोतंच लहान करा. "म्हंजी त्यांनी आपल्याला बरोबर वळखलं की," मामा म्हणाले. सरकारबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा एकमेव आदराचा उद्गार. पुढं २०२१ मध्ये अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची बाटली आली आणि ती एका पोत्याच्या बरोबरीची म्हणून सांगू लागले, तेव्हा तो आदरही मावळला.

मजा अशी की मामा ज्याच्यावर चिडतात तेच दिवसभर बोलतात. हळदीला ठिबक करायचं तर त्यांचं वाक्य असं येतं: "तीनशे फूट बोअर, साडेसहा इंची, त्यात पाच एचपीची मोटर, ६३ एमएमचा पाईप, त्यावर १६ एमएमच्या नळ्या साडेचार फुटी गादीवाफ्यावर, ड्रिपर चाळीस सेंटीमीटरला एक, तासाला चार लिटर, दोन एकराला." एका दमात ब्रिटिश आणि फ्रेंच दोघंही येऊन जातात, आणि ऐकणारा गडी मान हलवून कामाला लागतो. चुकत काहीच नाही. मामींचं तर त्याहून सोपं आहे. गॅसच्या टाकीत चौदा किलो दोनशे ग्रॅम भरलेलं असतं हे मामा प्रत्येक टाकीला सांगतात. मामी टाकी दिवसांत मोजतात, आणि "यंदा आठ दिवस लवकर संपली, तुमचा चहा वाढलाय," असा हिशोब मांडतात. ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सियसमध्ये. मे महिन्यात बाहेर ४३ आणि नातवाच्या अंगात १०१ असताना मामांचा खडा सवाल होता की, तापलंय कोण जास्त?

पावसाच्या बाबतीत मात्र हा विनोद अंगावर येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. जुनी माणसं इंचात बोलतात, आणि अडीच इंच पाऊस म्हणजे त्यांच्या लेखी रानात तळं. अडीच इंचांचे होतात साडेत्रेसष्ट मिलिमीटर. दीड मिलिमीटर कमी! "कमी हाय" हा मामांचा निकाल त्यांच्यावरच उलटवायला सरकारला याहून चांगली जागा मिळाली नसती. २०२२ च्या जुलैत कुरुंद्यात रात्रीतून पाणी घुसलं तेव्हा मात्र मिलिमीटर कुणी विचारले नाहीत. लोकांनी पाणी ओट्याच्या पायऱ्यांत मोजलं, मग चुलीत, मग फळीवरच्या डब्यांत. त्या वर्षी मदत जाहीर झाली ती हेक्टरात: जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत. मामांनी पुन्हा अडीचकी काढली.

आणि भूकंप. वसमत, औंढा, कळमनुरीच्या पट्ट्यात जमिनीच्या पोटातून गुरगुर येते, हे इथल्या लेकरालाही ठाऊक आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले. मामा अंगणात आले, बायकापोरांना बाहेर काढलं, म्हैस सोडली आणि मग मांडणीकडं बघत उभे राहिले. त्यांचं माप भांड्यांचं: तांब्या वाजला तर लहान, हंडा वाजला तर मोठा. त्या दिवशी हंडा वाजला होता. तासाभरात मोबाईलवर आकडे आले, पहिला ४.५, दुसरा ३.६.

"साडेचार काय?" मामा म्हणाले.

"रिश्टर," नातू.

"साडेचार तर आपल्या हळदीचा वाफाबी हाय. एवढ्यात हंडा वाजला?"

नातवानं बराच वेळ समजावलं. हे माप सरळ चढत नाही, एक आकडा वाढला की हलणं दहा पट वाढतं आणि जोर बत्तीस पटीच्या घरात जातो. त्यामुळे साडेचारच्या पुढं साडेतीन म्हणजे काहीच नाही, आणि साडेपाच म्हणजे गाव सोडा. मामांनी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं माप भेटलं होतं, ज्यात कमी असणं बरं. १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला तेव्हा अंगणात सगळ्यात आधी त्यांचाच आवाज आला: "कमीच हाय, घाबरू नका." तेवढ्यानं गल्लीतल्या बायकांना धीर आला, हे मान्य करायला हवं.

नातू शिकलेला, त्याला मामांना डिवचायची खोड. त्यानं एकदा सांगितलं की १९९९ साली, म्हणजे १ मे रोजी परभणीतून फुटून आपला हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी, अमेरिकेनं मंगळाकडं धाडलेलं यान हरवलं. यान बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकानं जोराचे आकडे पौंडात दिले, नासाच्या माणसांनी ते मेट्रिक समजून वापरले, आणि यान मंगळाच्या फार जवळ जाऊन नाहीसं झालं. एवढा पैसा, एवढे शास्त्रज्ञ, आणि चूक तीच, मामांच्या फरशीची. मामांनी तंबाखू मळणं थांबवलं.

"यान सोडायच्या टायमाला तिथं आपल्यातलं कुनी नव्हतं का उभं?"

आता एक गोष्ट, जी गावात सगळ्यांना माहीत आहे आणि मामांसमोर कुणी काढत नाही. मामांच्या कोठीत अजून जुनी लोखंडी पायली आहे. बापाच्या वेळची. तिच्या बुडाला कधीतरी बाहेरून जबर मार बसला असावा, बूड आत दबलेलं आहे, त्यामुळे ती भरते लवकर. पेरणीच्या तोंडाला कुणी ज्वारी उसनी मागायला आलं की मामा ती पायली काढतात, शीग लावून भरतात, हातानं सारखी करतात आणि "जुनं माप हाय, इमानाचं" असं म्हणून पदरात ओततात. सुगीत तीच ज्वारी परत करायला माणूस आला की मामा खुंटीवरचा काटा काढतात. "आता पायली-बियली बंद झाली बाबा. कायदा हाय. किलोवर दे."

तेव्हा कुरुंद्याकडं याल तर अवश्य या. हळद वसमतच्या मोंढ्यातून घ्या, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, कांडी पारखून घ्या आणि काटा शून्यावर आहे ना हे आधी बघा. मामांचा चहा प्या, पट्टी बघा. पण उसनी ज्वारी घ्यायची वेळ आलीच, तर काटा घरून घेऊन जा.