अण्णांचं फुकट

तळेगाव ढमढेऱ्यात अण्णांकडे काही मागितलं आणि मिळालं नाही, असं होत नाही. लग्नाला मोठं पातेलं हवं? न्या. बरोबर सूचनाही न्याव्या लागतात: चिंचेनं घासायचं, काथ्या लावायचा नाही, परस्पर शेजारी द्यायचं नाही आणि वाढताना कोरलेलं नाव पंगतीकडे ठेवायचं. चमचाभर विरजण मागायला गेलेला माणूस दूध म्हशीचं की गाईचं, याची तोंडी परीक्षा देऊनच परततो.

असे अण्णा एका संध्याकाळी म्हणाले, "माझे सगळे फोटो विकिपीडियाला फुकट देऊन टाकायचेत. बस संगणकावर." वेळ नदी, जुने वाडे, पोळ्याचे बैल, चाळीस वर्षांचा ऐवज.

मी म्हटलं, "अण्णा, परवाना निवडा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटी चार. नाव द्या, बदल केलात तर याच परवान्यावर पुढे द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका. त्यांच्या जोडणीतून 6 परवाने होतात."

"चारही लाव."

"लागत नाहीत. बदलच करू दिला नाही, तर बदललेलं कुठल्या परवान्यावर देणार? आणि 'धंदा नको' किंवा 'बदल नको' म्हटलंत, तर विकिपीडियाचं फोटोंचं कोठार ते घेतच नाही."

"म्हणजे देणारा मी आणि अटी घेणाऱ्याच्या?" अण्णांनी चष्मा काढला. "काहीच परवाना दिला नाही तर?"

"मग 1957 चा कॉपीराइट कायदा आहेच. फोटो काढणारा हयात असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढची 60 वर्षं हक्क राहतो."

अण्णा 74 वर्षांचे. त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे मी गेल्यावरही 60 वर्षं माझंच." आकडा त्यांना आवडलेला दिसला. "पण उद्या कुणी माझा वाडा कॅलेंडरवर छापून विकला तर?"

"विकू दे. तुमचं नाव छापावंच लागेल."

"किती मोठ्या अक्षरात?"

तिथेच काम झालं. बीवाय-एसए 4.0 ठरला: नाव द्या, बदललंत तर तसंच पुढे द्या. विकिपीडियाचा मजकूरही 2009 पासून याच घराण्यातल्या परवान्यावर आहे, हे ऐकून अण्णांना सोयरीक जुळल्यासारखं वाटलं. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हेही मी बजावलं. "शब्द म्हणजे शब्द," म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबलं.

महिन्याभरानं एका माहितीपत्रकात फोटो आला. अण्णांचं नाव बिनचूक, परवान्याचा उल्लेख चोख. वरती ठळक अक्षरांत: 'जुना वाडा, तळेगाव दाभाडे.'

अण्णा तेव्हापासून पाचव्या अटीचा मसुदा लिहीत बसलेत. वाचकहो, पातेलं न्यायला जाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: दाभाडे मावळात, ढमढेरे शिरूर तालुक्यात.