चौथ्या डोसचं काय?

यादवीने पिळून काढलेलं मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. मे 2024 मध्ये राजधानी बांगीत विमानाने खोकी उतरली. हिवतापावरच्या आर-21 लशीचे 43 हजार डोस. माल कुठला? आपल्या पुण्याचा, सीरमचा.

छाती फुगली? फुगू द्या. पुढचं ऐका.

या लशीचे डोस चार. पहिले तीन महिन्या-महिन्याच्या अंतराने, चौथा वर्षभरानंतर. पहिल्या डोसला विमान, मंत्री, फोटो. चौथ्या डोसला तेच कडेवरचं पोर पुन्हा शोधून आणायचं कोणी?

शिवाय लस ठेवायची 2 ते 8 अंशांत. म्हणजे फ्रिज हवा, फ्रिजला वीज हवी. ती कोणत्या विमानाने पाठवणार?

मुळशीकराला हे सांगायला नकाशा लागत नाही. धरण इथलं, वीज गेली मुंबईला. 1921 साली सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह करूनही गेली. जलाशयापलीकडच्या वाड्यांवर आजही लस पोचते ती आशाताईंच्या पायांनी.

आणि इथे तर यादवीही झाली नव्हती!

डॉक्टरांचं म्हणाल तर सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड, नाहीतर 10 लाख दंड, असा नियम वर्षानुवर्षं होता. दंड भरून सुटणारे होतेच. खेड्यात न जाण्याचा दर सरकारनेच ठरवून दिला होता, मग घासाघीस तरी कशाला?

1938 साली सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, तिथेच वारले. आपण सिनेमा काढला, टपाल तिकीट काढलं.

त्यांचा बॉण्ड किती लाखांचा होता म्हणे?

मदत म्हणजे काय हे ज्यांना कळलं, ते दक्षिण सुदानात दिसले. मलाकलला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या लष्कराने माणसांच्या दवाखान्याबरोबर गुरांचाही चालवला. हसलात? तिथे गाय म्हणजे बचत, गाय म्हणजे लग्नातलं देज. गुरं मेली की माणूस दुसऱ्याची पळवतो, पळवली की बंदुका निघतात. म्हणजे गाईला टोचलेली सुई हा गोळी लागण्याआधीचा उपचार.

आपल्याकडे अशा जोड-दवाखान्याचा प्रस्ताव आला असता, तर फाइल आधी कुठे अडकली असती? आरोग्य खात्यात की पशुसंवर्धनात?