मुदतीच्या अर्जाविना साडेपाचशे पाने

अप्पा बळवंत चौकातील दुकानांच्या दर्शनी फळीवर ज्या जाडजूड न्यायालयीन रहस्यकादंबऱ्या विराजमान असतात, आणि ज्यांच्या वेष्टनावर लेखकाच्या खपाचा डंका कथेच्या नावाहून मोठ्या टंकात पिटलेला असतो, त्यांपैकी एकीचा मराठी अवतार अस्मादिकांनी अथपासून इतिपर्यंत वाचला. खून उत्तम आहे. वकील देखणा आहे. व्यंग एकच: साडेपाचशे पानांत एकही मुदतीचा अर्ज नाही.

पुकारा होताच उभय पक्षांचे वकील उभे राहतात, साक्षीदार हजर असतो, न्यायाधीश रजेवर नसतात, आणि 'आमचे वरिष्ठ हायकोर्टात गुंतले आहेत' असे नम्र निवेदन करावयास एकही कनिष्ठ पुढे सरसावत नाही! उलटतपास सुरू झाला त्याच दिवशी संपतो. से दाखल करण्यास अवधी मागावा, निदान वकीलपत्र कालच मिळाल्याचे सांगावे, इतपत व्यवहारज्ञान एवढ्या विख्यात लेखकास नसावे काय?

अद्भुतरस हवाच असेल तर १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता वाचावी. सुनावणी चालू असता एका पक्षास तीनहून अधिक तहकुबी देऊ नयेत, असे तिच्या सतराव्या आदेशात २००२ पासून छापलेले आहे. अशी कल्पनाशक्ती रहस्यकथाकारांस कोठून असणार!

आमच्या सदाशिव पेठेतील एखाद्या वाड्याचा, जिन्याखालच्या खोलीपायी गुदरलेला दावाच पाहा. कादंबरीत मृत्यूने कथा सुरू होते. येथे वादी वारला तर वारस रेकॉर्डवर घेण्याचा केवळ अर्ज होतो, त्यास ९० दिवसांची मुदत, ती टळली की विलंबमाफीचा अर्ज, त्यावर विरुद्ध पक्षाचा से, तो यावयाच्या आत प्रतिवादीही कैलासवासी, त्याच्या दोन कन्या परदेशी, समन्सावर 'सदर पत्त्यावर इसम मिळून आला नाही' असा बेलिफाचा शेरा, आणि एवढ्यात ज्या जिन्याखाली ती खोली होती तो जिनाच आषाढातल्या एका रात्री कोसळून वादविषय मातीस मिळतो. तरीही यथावकाश हुकूमनामा होतो, आणि हुकूमनामा झाला म्हणजे ताबा मिळाला असे नव्हे, त्यासाठी दरखास्त करावी लागते, म्हणजे पुनश्च पहिले प्रकरण. आणि शिवाजीनगरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, पहाटेच्या एस.टी.ने आलेली जी म्हातारी फडक्यातली भाकरी न सोडता, पुकारा चुकेल या धास्तीने पाणी प्यायलासुद्धा न उठता, बोर्डाकडे डोळे लावून बसते, तिला सायंकाळी पाच वाजता 'आज वेळ नाही, पुढली तारीख घ्या' असे सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही! तिचे भाडे गेले, रोजगार बुडाला, आणि वकिलाची फी मात्र तारखेगणिक. यात रहस्य कसले? सरळ सरळ छळ आहे हा, आणि तो करणाऱ्यांत टाळीखाऊ खलनायक एकही नाही, सगळे सभ्य गृहस्थ आहेत.

असो. सदर कादंबरीच्या उत्तरार्धाचे प्रकाशन अनुवादकाच्या विनंतीवरून दोन वेळा पुढे ढकलण्यात आले, असे दुकानदाराकडून समजते. तिसऱ्या खेपेसही संहितेची हरकत नाही.