कच्चं मडकं आणि पक्की झेरॉक्स

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, यातली मडकी कच्ची किती नि भाजलेली किती ते बघा असं मुक्ताईनं सांगितलं, आणि काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. नामदेव रुसले, कच्चे ठरले आणि विसोबा खेचरांकडे गेले. सरकारी भाषेत पहिल्या प्रकाराला छाननी म्हणतात, दुसऱ्याला त्रुटीपूर्तता. ज्ञानदेवांना तर पैठणच्या शुद्धिपत्रापायी आधीच पायपीट झालेली. पण काकांनी त्याची सत्यप्रत मागितली नाही. एक टोला, लगेच निकाल. असा अधिकारी तेरला पुन्हा झाला नाही. इतरत्रही झाल्याचं ऐकिवात नाही.

एरवी सरकार कागद कमी करण्यासाठी खटपट करतं, हे मान्य करायला हवं. 1980 च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतली दप्तरं अशी लावून दाखवली की 'लखीना पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला. मग सगळं ऑनलाइन झालं.

ऑनलाइन म्हणजे काय, ते सेवा केंद्राच्या बाकावर बसून बघावं. एखादे मामा कॅरीबॅगमधून सातबारा काढतात. तो सरकारच्याच संकेतस्थळावरून 15 रुपये भरून घेतलेला, डिजिटल सहीचा. सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्याच्यावरच छापलेलं. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "मामा, ह्याची एक झेरॉक्स आणा." मामा झेरॉक्स आणतात, तिच्यावर सही करतात, पोरगा ती स्कॅन करून सरकारला पाठवतो. म्हणजे सरकारचा कागद सरकारकडून विकत घेऊन सरकारलाच दाखवायचा. "त्येंच्याच कंप्युटरात हाय की ह्यो," मामा म्हणतात. पोरगा मान हलवतो आणि रेशनकार्ड मागतो.

म्हणून मला वाटतं, रोग कागदाचा नाही, मागण्याचा आहे. कागद मुळात वाईट नाहीच, आणि हे तेरइतकं कोणत्या गावाला कळावं? सातवाहनांच्या काळात हे गाव तगर नावाची बाजारपेठ होतं. त्याची साक्ष 'पेरिप्लस'मध्ये मिळते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जातं, एवढं कोणा ग्रीक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं. त्यानं ते तीन प्रतींत सादर केलं नव्हतं, तरी टिकलं. आणि जमिनीतून निघालेली मातीची चित्रं, नाणी, मणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली, म्हणून आज गावात त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. माहितीचं व्यवस्थापन या शब्दाची फॅशन यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

सरकारी अभिलेखांची प्रतवारीही ठरलेली आहे: 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' तीस वर्षं, 'ड' एका वर्षात निकाली. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात कोणी काय फाडावं याची धास्ती असते, आणि ती अगदीच खोटीही नाही. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निजामकाळातली दप्तरं सोडली गेली, आणि मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तोवर त्या गठ्ठ्यांकडे कोण ढुंकून बघत होतं? तेव्हा जुनं दप्तर जपा, माझी हरकत नाही. नवं मागू नका, एवढंच म्हणणं आहे.

तोवर वाचकांच्या कामाचं एक सांगून ठेवतो. कायद्यानं बंधनकारक नसेल तिथं प्रतिज्ञापत्र आणि साक्षांकित प्रत मागू नये. स्वतःच्या सहीची प्रत आणि स्वयंघोषणापत्र चालवून घ्यावं, असा शासन निर्णय 9 मार्च 2015 रोजीच निघालेला आहे. कोणी अडवलं तर तो खुशाल दाखवा. जाताना त्याच्या दोन झेरॉक्स मात्र सोबत असू द्या.