कुत्र्यांच्या सोबतीला आम्ही

"हिवाळाभर आम्ही दोर्दोन्यला आहोत." हे वाक्य सहज म्हटल्यासारखं म्हणायचा मी बराच सराव केला होता. आवाज जरा खाली, नजर खिडकीबाहेर. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडलं दगडी घर, शेकोटी आणि तिच्यापाशी बसून काहीतरी मोठं लिहिणारा मी, असं चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहावं एवढीच माफक अपेक्षा. एखादा सज्जन विचारायचाही, "पुस्तक वगैरे चाललंय का?" मी गूढ हसायचो. मग बायको मागून सांगायची, "अहो, घरातला संडास उखडलाय."

घराचं काम काढलं की काय होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुण्याचा कंत्राटदार आणि लंडनचा कंत्राटदार यांच्यात फरक इतकाच, की लंडनचा फोन न उचलल्याबद्दल नंतर माफी मागतो. आमचा प्रश्न कुत्र्यांचा होता. सखू ही लॅब्राडोर, वयाने म्हातारी आणि मतांची पक्की. गोट्या टेरियर. त्याला मत नाही, नुसता आवाज आहे, आणि ड्रिल सुरू झालं की तो ड्रिलला उत्तर देतो. 'दोन कुत्री' म्हटल्याबरोबर इंग्लंडातले घरमालक एकदम गोड बोलायला लागतात आणि मग पुन्हा कधीच बोलत नाहीत. कुत्र्यांना बोर्डिंगात ठेवायचं तर तिथला रोजचा दर ऐकून मीच तिथे राहायला जावं असं वाटलं. याउलट फ्रान्सच्या खेड्यांत उन्हाळ्यात भाड्याने जाणारी घरं थंडीत ओस पडतात, स्वस्तही होतात, आणि कुत्र्याला नको म्हणायचं तिथे कोणाला सुचत नाही. तर आमच्या साहित्यिक वास्तव्यामागची प्रेरणा ही अशी.

कागदपत्रं दोन प्रकारची लागली, त्यांची आणि आमची. 2021च्या 1 जानेवारीपासून ब्रिटनमध्ये काढलेला पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट युरोपात चालत नाही. त्याऐवजी दर प्रवासाला नवं आरोग्य-प्रमाणपत्र. ते सरकारमान्य डॉक्टरने द्यायचं, इंग्रजीत आणि ज्या देशात उतरणार त्याच्या भाषेत, आणि ते मिळाल्यापासून दहा दिवसांत हद्द ओलांडायची. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पानापानावर सह्या-शिक्के मारले, चिपचा पंधरा आकडी नंबर दोनदा वाचून घेतला, आणि बिल असं दिलं की सखूनेसुद्धा मान फिरवली.

पण काम झालं. माझं तसं नव्हतं. इतकी वर्षं इंग्लंडात काढूनही मी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. कोणी विचारलं तर मी देशप्रेम सांगतो. खरं कारण फॉर्म भरायचा कंटाळा. त्यामुळे शेंगेन व्हिसा आला, बँकेचे उतारे आले, 30,000 युरोंचा विमा आला, आणि हा गृहस्थ परत जाईल याचा पुरावा आला. सखूला परत जाण्याचा पुरावा कोणी मागितला नाही. फोकस्टनला इंग्लंडच्याच जमिनीवर फ्रेंच अधिकारी बसतात. त्यातल्या एकाने माझा पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा शेवटापासून पहिल्यापर्यंत चाळला. तेवढ्यात गोट्याने मागच्या खिडकीतून तोंड काढलं. साहेब हसले आणि शिक्का पडला.

गाडी आगगाडीच्या पोटात, आपण गाडीत, कुत्री मागच्या सीटवर, आणि 35 मिनिटांत समुद्राखालून कॅले. या 35 मिनिटांत मला एका गोष्टीची काळजी लागून राहिली होती, ती म्हणजे तूप. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथलं मांस आणि दूधदुभतं सामानातून युरोपात नेता येत नाही. कुत्र्यांचं नेहमीचं, मांस घातलेलं खाणंही नाही. बायकोने कढवलेल्या तुपाची बरणी शेजारणीकडे ठेवावी लागली होती, पण तिने दुसरी एखादी कुठे खुपसलीच नसेल याची मला खात्री नव्हती. आणि तिथेच माझं डोकं नको त्या वाटेला लागलं.

नामदेवांचंच घ्या. पोळी पळवणाऱ्या कुत्र्याला ती कोरडी खावी लागू नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कॅलेला कागद असता तर कुत्र्याला सोडलं असतं. नामदेवांनाही सोडलं असतं. तूप मात्र जप्त. दत्तगुरूंची गोष्ट अर्धी सोपी. एका प्रमाणपत्रावर पाच प्राणी बसतात, म्हणजे चारही कुत्री एका कागदात आली असती. पण हा कागद कुत्री, मांजरं आणि फेरेट यांच्यापुरताच. मागे उभ्या असलेल्या गायीचं खातं वेगळं, रांग वेगळी, आणि महाराजांना एका हाताने तरी फॉर्म भरावा लागला असता. सगळ्यांत बिकट प्रकरण धर्मराजाचं. त्याच्यामागचा कुत्रा आपला आपण चालत आलेला. चिप नाही, लस नाही, मालकीचा पुरावा नाही. इंद्राने त्याला अडवलं यात मला आता काहीच वावगं वाटत नाही. पहिली लस टोचून 21 दिवस झालेत का आणि चिप लशीच्या आधी बसवली होती का, एवढं तर कोणीही विचारील. शिवाय हा कुत्रा शेवटी प्रत्यक्ष यमधर्म निघाला. खोट्या ओळखीवर प्रवास! आमच्या डॉक्टरीणबाईंनी असल्या कागदावर मरेपर्यंत सही केली नसती.

दोर्दोन्यच्या त्या गावात मला कोणी ओळखेना. सखूला मात्र सगळे ओळखू लागले. पाववाल्या बाई काउंटरवर वाकून तिची विचारपूस करायच्या आणि मी रात्रभर घोकलेलं फ्रेंच वाक्य तसंच तोंडात राहायचं. सार्लाच्या शनिवारच्या बाजारात कॉफीच्या टेबलाशी आधी कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं यायचं, मग यथावकाश माझ्याकडे लक्ष जायचं. एकदा मुद्दाम एकटा गेलो. वेटरने मला प्रवासी समजून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

ही गंमत मी सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितली. धर्मराजाचंही सांगितलं, कारण तिला आवडेल असं वाटलं. ती म्हणाली, "त्याचे भाऊ एकेक पडत गेले, द्रौपदी पडली. तो थांबला नाही. आणि कुत्र्यासाठी मात्र इंद्राशी भांडत बसला." मग म्हणाली, "तुझी रजा कुत्र्यांना तीन महिने पुरते, होय रे?"

घरी जातो तेव्हा तिच्या वाट्याला दोन आठवडे येतात, त्यातले निम्मे नातेवाइकांकडे. तिला इकडे कायमचं आणण्याचा विचार मी केला नाही असं नाही. पण 2012च्या जुलैत ब्रिटनने नियम बदलले. म्हाताऱ्या आईबापांना आणायचं तर त्यांना रोजची साधी कामंही दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत, आणि ती मदत त्यांच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे आई पुरेशी खंगलेली हवी, आणि पैसे देऊनही तिचं करणारी बाई सांगलीत मिळता कामा नये. माझी आई स्वतःची भाजी स्वतः आणते आणि भाजीवाल्याशी स्वतः भांडते. त्यामुळे ती नापास. ज्या देशाने सखूच्या आरोग्यासाठी पानंच्या पानं छापली, त्याने माझी आई धडधाकट असल्याबद्दल तिला दाराबाहेर ठेवलं आहे. यावर विनोद करायचा मी प्रयत्न केला. जमला नाही.

परतताना कुत्र्यांना जंताची गोळी. तीही डॉक्टरच्याच हातून आणि ब्रिटनमध्ये शिरण्याआधी 24 तास ते 120 तास या अवधीत. इतका काटेकोर मुहूर्त आमच्या लग्नालाही नव्हता. कॅलेला खिडकीतून एक यंत्र हातात देतात, चिप आपणच शोधायची. सखूची चिप मानेवरून सरकून खांद्यापाशी गेली होती. ती सापडेपर्यंत मागच्या गाड्यांनी माझ्याबद्दल काय मत बनवलं ते मला कळलं, कारण ते शुद्ध इंग्रजीत होतं.

घराचं काम, अर्थात, अजून चालू आहे. पण खालची खोली झाली. तिला लागून संडास-बाथरूम आहे, कारण आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. हे सगळं काम काढलं ते त्या खोलीसाठी. दोर्दोन्यच्या गप्पा मारताना हे मी कोणाला सांगत नव्हतो, त्यात रुबाब नाही. पाहुणी म्हणून आईला एका वेळी सहा महिने राहता येतं. कुत्र्यांचा तो कागद युरोपात चार महिने चालणारा होता. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे दोन महिन्यांनी मी जास्त."