प्रोजेक्टवाले बाबा

आठवीतल्या चिन्याला शाळेने प्राणी पेशीची प्रतिकृती करून आणायला सांगितली आणि त्याच्या बाबांनी ऑफिसात रजा टाकली. एरवी हे गृहस्थ पोराच्या वहीकडे ढुंकून बघत नाहीत. पण 'प्रोजेक्ट' म्हटलं की बाह्या सरसावतात. 2018 च्या बंदीनंतरही माळ्यावर दडवलेलं मखराचं थर्माकोल अशाच दिवसासाठी तर होतं.

तासाभरात पेशीभोवती जाडजूड भिंत उभी.

"बाबा, भित्तिका वनस्पतींना. प्राण्यांना नुसतं पातळ पटल."

"कंपाउंड वॉलशिवाय राहायचं कसं?"

आत कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे पटल स्वतःच बघतं, असं कळल्यावर ते नरमले. सोसायटीच्या वॉचमनला हे अजून जमलेलं नाही.

मग केंद्रकाला अर्धा स्माइली बॉल, आंतर्द्रव्यजालिकेला मखराचीच सोनेरी लेस, तिच्यावर रायबोझोम म्हणून मोहरी. प्रथिनं तिथेच तयार होतात, म्हणून मोहरी सढळ हाताने. संध्याकाळची आमटी बिनफोडणीची झाली.

गॉल्जी संकुल म्हणजे चपट्या पिशव्यांची चळत, म्हणून शेवपुरीच्या पुऱ्या आल्या. कमिल्लो गॉल्जी या इटालियन डॉक्टराने 1898 मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत हे पहिल्यांदा टिपलं. प्रथिनं इथे बांधली जातात, पत्ता लागतो आणि रवाना होतात. "एसटीचं पार्सल ऑफिस!" बाबा खूश. तेवढ्यात चार पुऱ्या पत्ता न लागताच त्यांच्या पोटात रवाना झाल्या.

तंतुकणिकांना शेंगदाणे. यकृताच्या एकेका पेशीत त्या हजाराच्या घरात असतात म्हटल्यावर बाबा मोजायलाच बसले. ऊर्जा त्या पुरवतात, त्यांचा डीएनए वेगळा असतो आणि तो आईकडूनच येतो, हे चिन्याने पुस्तकाबाहेरचं सांगितलं मात्र, स्वयंपाकघरातून आवाज आला, "ऐकलंत? घरातला करंट माझ्या माहेरचा आहे!"

रात्री अडीचला फेव्हिकॉल संपला. शेंगदाणे नुसतेच मांडून बाबा झोपले.

सकाळी पेशीत एकही तंतुकणिका नव्हती. चिन्या तोंड पुसत उभा.

"लयकारिका, बाबा. जुन्या तंतुकणिका त्याच पचवतात."

"जुन्या? अरे, काल संध्याकाळी पाव किलो आणल्यात!"