फुलपाखरूवाले काका

पाऊस ओसरल्यावर आंबोलीच्या एखाद्या पायवाटेवर साठीचा गृहस्थ चिखलात पालथा पडलेला दिसला, तर घाबरून लोक गोळा करू नयेत. ते फुलपाखरूवाले काका असतात. बँकेतून निवृत्त, कोपरांना चिखल, आणि जळवांच्या धास्तीने पँटच्या नळ्या मोज्यांत खोचलेल्या. पुढ्यात नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषत असतात. याला चिखलपान म्हणतात, हे तुम्ही विचारण्याआधीच ते पडल्यापडल्या सांगतात.

काकांच्या लेखी जगात दोनच जाती: प्रदेशनिष्ठ आणि कुठेही राहणारे. ब्लू मॉरमॉनला २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात पहिल्यांदाच. पण काकांचं तोंड कडूच. "अहो, ते श्रीलंकेतही राहतं. आमच्या सोसायटीतल्या लिंबावरसुद्धा अंडी घालतं!" त्यांचा जीव मलबार ट्री निम्फवर. दाट सदाहरित रान, वर फांद्यांचं गच्च छत, जवळ वाहता ओढा, एवढं जुळलं तरच ते पांढरं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू तिथे संसार मांडतं आणि हातातून सुटलेल्या पतंगाच्या कागदासारखं सावकाश तरंगत राहतं. पठारावरच्या उन्हाशी त्याला कर्तव्य नाही.

सदर्न बर्डविंगची अळी ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींखेरीज कशाला तोंड लावत नाही. त्या पानांतलं विष अंगात मुरवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. "उपाशी मरेल, पण दुसरं पान खाणार नाही. याला म्हणतात बाणा!" हाच बाणा नातवाने दोडक्याच्या भाजीपुढे दाखवला, तेव्हा मात्र काकांनी त्याला ताटावरून उठू दिलं नव्हतं.

या बर्डविंगचं एक दुःख त्यांनी अजून पचवलेलं नाही. १९३२ पासून भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू म्हणून तिचा १९० मिलिमीटरचा विक्रम होता. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंगची मादी १९४ भरली. चार मिलिमीटर! "पट्टी नीट धरली होती का?" असं काका अजूनही अनोळखी माणसांना विचारतात.

जेवणातही सुटका नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं दिसली की काकांचा हात थबकतो. मलबार बँडेड पीकॉक हे फक्त पश्चिम घाटात सापडणारं, केरळने २०१८ मध्ये राज्य फुलपाखरू केलेलं, हिरव्यानिळ्या पट्ट्याचं देखणं प्रकरण. त्याच्या अळ्या तिरफळाच्याच पाल्यावर वाढतात. मग घाटात तिरफळाची झाडं किती तुटली, यावर व्याख्यान सुरू होतं. ते खरंही असतं, म्हणून कोणाला उठता येत नाही. बांगडा निवतो. व्याख्यान संपल्यावर काका तिरफळं बाजूला काढून दुसरा बांगडा वाढून घेतात.

तुमच्या परसात तिरफळाचं झाड असेल, तर ते तोडू नका. आणि काकांना सांगूही नका, मुक्कामाला येतील.